सोळा पायऱ्यांचा देश

पोर्ट लुईच्या बंदरात पाण्याच्या अंगाला दगडी पायऱ्या आहेत. मोजून सोळा. दगड काळा, ज्वालामुखीतून आलेला, आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्याच जातीचा. जहाजातून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून वर यायचा आणि वर आला की त्याला एक क्रमांक मिळायचा. नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गाव, जहाज, सगळे एका मोठ्या वहीत उतरवले जायचे. १८६०च्या दशकापासून त्याचा फोटोही काढू लागले. एक-दोन दिवस तिथेच मुक्काम, सरकारी भात-डाळ, आणि मग उसाच्या मळ्याकडे रवानगी.

या जागेला पूर्वी कुली घाट म्हणत. आज ती आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाते आणि २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. मूळ डेपोच्या इमारतींपैकी निम्म्याहून कमीच उरल्या आहेत. जागेतून मोठा रस्ता गेला, समुद्रही भराव घालून मागे सारला गेला. पायऱ्या मात्र राहिल्या. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर मॉरिशसमध्ये उतरले. आज या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे आणि त्यातल्या दहापैकी सुमारे सात जणांचे मूळ त्या मजुरांपर्यंत जाऊन पोहोचते.

स्थलांतराची चर्चा जगात कुठेही निघाली की तिची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: इथले मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण? मॉरिशस या प्रश्नाला उत्तरच देऊ शकत नाही, कारण तिथे मूळचे असे कोणी नव्हतेच. सगळे बोटीने आले. कोणी मालक म्हणून, कोणी साखळदंडात, कोणी करारावर अंगठा उठवून. यजमान नसलेल्या या घरात सगळ्यांनी मिळून कसे राहायचे, याचे नियम त्यांना स्वतःच करावे लागले. ते नियम कसे झाले, कुठे टिकले आणि कुठे उसवले, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्यासाठी तर त्यात घरचा धागाही आहे, कारण त्या पायऱ्या चढणाऱ्यांत कोकणातले आणि देशावरचे हजारो मराठी लोक होते.

कोणाचेच नसलेले बेट

मॉरिशसचे मुख्य बेट क्षेत्रफळाने गोव्याच्या निम्म्याएवढे. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना ते माहीत होते, पण वस्ती कोणी केली नव्हती. १५९८मध्ये डच तिथे उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्यांनी बेटाला दिले. १६३८मध्ये त्यांनी वसाहत केली. आबनूसाची जंगले तोडली, जावाहून ऊस आणला. डोडो हा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. १७१० साली डच बेट सोडून गेले.

१७१५मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि बेटाला ‘इल द फ्रान्स’ म्हटले. त्यांनी बंदर बांधले, मळे वाढवले आणि त्यासाठी मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले. पुद्दुचेरीकडून तमिळ कारागीरही आले. काही आपल्या मर्जीने आले, काही गुलाम म्हणून. १८१०मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींत फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे, धर्म आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन दिले. म्हणून आजही तिथे कारभाराची भाषा इंग्रजी आहे, वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात आणि दिवाणी कायद्यावर नेपोलियनच्या संहितेची छाप आहे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. साठ हजारांहून अधिक माणसे कागदोपत्री मोकळी झाली. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून अधिक. ज्यांची आयुष्ये विकली गेली होती त्यांना एक पैसाही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्यांना जुन्याच धन्याकडे राबावे लागले. ती संपताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि ते किनाऱ्यावर, डोंगरउतारांवर, शहराच्या कडेला जाऊन राहिले. त्यांचे वंशज म्हणजे आजचा क्रेओल समाज; त्याच्या गरिबीचे मूळ या हिशेबात आहे. त्याकडे पुन्हा यावे लागेल.

पाच वर्षांचे गिरमिट

मळेवाल्यांना नवे हात हवे होते आणि ब्रिटिशांना एक प्रयोग करून पाहायचा होता: गुलामांऐवजी करारावर आणलेल्या ‘मुक्त’ मजुरांकडून साखर परवडेल का? त्यासाठी मॉरिशस निवडले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातली ती माणसे होती, भरती झाली कोलकात्यात. प्रयोग यशस्वी झाला असे सरकारने ठरवले आणि मग हीच पद्धत गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजीपर्यंत गेली.

करार पाच वर्षांचा. ‘ॲग्रीमेंट’चे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि तो करणारा गिरमिटिया. पुरुषाला महिना पाच रुपये पगार, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल-तूप. कागदावर हे गावच्या मजुरीपेक्षा बरे दिसायचे. मळ्यावर, म्हणजे तिथल्या भाषेत कोठीवर पोचल्यावर खरे कळायचे. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, ही दुहेरी कपात. आजारपणातले दिवसही हिशेबात धरले जायचे. मळ्याबाहेर पडायचे तर पास हवा. १८६७च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तो नसला की भटका म्हणून तुरुंग.

हे लोक कुठून आले? सर्वांत जास्त कोलकाता बंदरातून, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून. त्याखालोखाल मद्रासमधून तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून शंभरात सातच्या आसपास. हे मुंबईकर मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गेले: रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडचे कुणबी आणि मराठे, काही साताऱ्याकडचेही. पुढे मुंबईत गिरण्या आल्या आणि कोकणी माणसाला बोटीने सातासमुद्रापार जाण्याऐवजी गिरणगावाची वाट मिळाली. मॉरिशसचे मराठी आणि लालबाग-परळचे मराठी हे एकाच घराच्या दोन दिशांना गेलेल्या भावांसारखे आहेत.

नोंदवहीत नाव लिहिणारा कारकून ऐकू येईल तसे लिहायचा. आडनाव सांगायची रीत नव्हती, म्हणून बापाचे किंवा स्वतःचे पहिले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. सखाराम, भिवाजी, बाबाजी ही तिथे आज आडनावे आहेत आणि फ्रेंच वळणाच्या अक्षरलेखनात ती पटकन ओळखूही येत नाहीत. पण मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जुन्या वह्या आणि फोटो जपून ठेवले आहेत. आपला पणजोबा कोणत्या गावचा, कोणत्या जहाजाने आला हे शोधायला लोक तिथे जातात. ज्या वह्या माणसांवर पाळत ठेवण्यासाठी लिहिल्या गेल्या, त्यांतूनच आज नातवंडे आपले गाव हुडकतात.

अर्ज, जमीन, शाळा

परतीचा हक्क करारात होता आणि पुष्कळ लोक परतले. पण बहुसंख्य राहिले. १८६१च्या खानेसुमारीतच बेटावरच्या लोकसंख्येत भारतीय साठ टक्क्यांहून अधिक भरले होते. ‘चार पैसे कमवून परत जाऊ’ म्हणून आलेले लोक ‘इथलेच’ कसे झाले, याची तीन कारणे दिसतात.

पहिले अर्जाचे. १८७१मध्ये आडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळेवाल्याच्या पुढाकाराने जुन्या मजुरांनी गव्हर्नरला अर्ज दिला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि अंगठे होते. प्लेवित्झला आपल्याच वर्गातल्या लोकांचा मार खावा लागला, शेवटी तो बेट सोडून गेला. पण त्या अर्जामुळे शाही चौकशी आयोग आला आणि मजुरांच्या हालांची सरकारदरबारी नोंद झाली. दुसरे जमिनीचे. १८८०च्या सुमारास साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, हलक्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशातून गिरमिटियांनी त्या घेतल्या. एकर-दोन एकर ऊस, दारात भाजी, गोठ्यात गाय. कोठीतला मजूर गावातला शेतकरी झाला. तिसरे शाळेचे. १९०१मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचे जहाज पोर्ट लुईला थांबले आणि ते तिथे जवळजवळ तीन आठवडे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असा त्यांचा सांगावा होता. १९०७मध्ये त्यांच्याच सूचनेवरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले, मजुरांची बाजू कोर्टात मांडू लागले, वृत्तपत्र काढले.

जमीन, कायदा आणि शिक्षण या तीन पायांवर माणूस नव्या देशात उभा राहतो. यांतला एक पाय नसला तर तो लंगडतो. मॉरिशसमध्ये भारतीयांना हे तिन्ही हळूहळू मिळाले. मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांना ते तसे मिळाले नाहीत.

खिशातली खानेसुमारी

मॉरिशसच्या चलनालाही रुपयाच म्हणतात. त्या नोटा एकापुढे एक मांडल्या तर देशाची कुंडलीच समोर येते. २५ रुपयांच्या नोटेवर चिनी समाजातले व्यापारी आणि मंत्री मोइलिन जाँ आ-च्युएन. ५० वर मोरिस पातुरो, फ्रेंच वंशाचे. १०० वर रंगनादेन सीनीवासेन, तमिळ. २०० वर अब्दुल रझाक मोहमद, मुस्लिम नेते. ५०० वर सुखदेव बिसुनदयाल, बिहारी मुळाचे लढवय्ये हिंदू नेते. १००० वर गाएताँ दुव्हाल, क्रेओल समाजाचे लाडके पुढारी. आणि २००० वर पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. बहुतेक देश नोटेवर एकच चेहरा छापतात किंवा राजाचा छापतात. इथे प्रत्येक समाजाला वाटले पाहिजे की या पैशावर आपलाही माणूस आहे.

नोटेवर आणखी एक गोष्ट दिसते: किंमत इंग्रजीबरोबर तमिळ लिपीत आणि देवनागरीत छापलेली असते. १९९८मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हा देवनागरी मजकूर तमिळच्या वर गेला होता. आधीच्या नोटांवर तमिळ आधी होते, कारण तमिळ लोक बेटावर आधी आले. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. बँकेने नव्या कोऱ्या नोटा मागे घेतल्या आणि जुना क्रम ठेवून पुन्हा छापल्या.

दोन ओळींच्या क्रमासाठी एवढा आटापिटा कशाला, असे लांबून वाटेल. पण अल्पसंख्याकाला आपले स्थान अशाच बारीक खुणांवरून कळते. मोठ्या भाषणात सगळे समान असतात. फलकावर, फॉर्मवर, नोटेवर कोण वर आणि कोण खाली हे रोज दिसते. ज्या सरकारने छापलेल्या नोटा परत घेतल्या, त्याने आर्थिक तोटा सोसून एक मोलाची गोष्ट केली: आम्ही तुमचे ऐकले, हे दाखवले.

मतपेटीतली तडजोड

नोटांवर शेजारी बसलेली ही माणसे हयातीत एकमेकांविरुद्ध कडवेपणाने लढली. १९६७च्या निवडणुकीत प्रश्न एकच होता: स्वातंत्र्य हवे की ब्रिटनशी जोडलेले राहायचे? रामगुलाम, बिसुनदयाल आणि रझाक मोहमद स्वातंत्र्याच्या बाजूने एकत्र आले. दुव्हाल विरोधात. हिंदूंची बहुसंख्या आली की आपले काय, ही भीती क्रेओल, गोऱ्या आणि इतर अल्पसंख्याकांत खोल होती. स्वातंत्र्यवादी जिंकले, पण चाळीस टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली. म्हणजे दहातल्या चार मतदारांना ज्या देशाचा जन्मच नको होता, तो देश जन्माला येणार होता. जानेवारी १९६८मध्ये पोर्ट लुईत क्रेओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल पेटली, माणसे मेली, कुटुंबे घरे बदलून आपापल्या समाजाच्या वस्तीत गेली. ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांतच, १२ मार्च १९६८ला, दांडीयात्रेच्या स्मृतिदिनी, चार रंगांचा झेंडा वर चढला.

त्यापूर्वीच, १९६१मध्ये, पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचे भवितव्य काळवंडलेले सांगितले होते. एकच पीक, वाढती लोकसंख्या आणि जमातींमधला अविश्वास. त्यांचे भाकीत खोटे ठरले. त्याचे एक कारण १९६९मध्ये घडले. रामगुलामांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या दुव्हालांना सरकारात घेतले आणि परराष्ट्रमंत्री केले. ज्यांना देश नको होता, त्यांनाच देशाचा जगातला चेहरा केले. पुढच्याच वर्षी निर्यात क्षेत्राचा कायदा झाला, कापड गिरण्या आल्या, बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या, पर्यटन वाढले.

राज्यघटनेत दुसरी तजवीज आधीच होती. मॉरिशसच्या लोकसभेत ६२ सदस्य निवडून येतात. त्याशिवाय जास्तीत जास्त आठ जागा पराभूत उमेदवारांपैकी चांगली मते घेतलेल्यांना मिळतात. ज्या समाजाला निवडणुकीत पुरेशा जागा मिळाल्या नाहीत, त्याच्या उमेदवाराला पहिला मान. राखीव मतदारसंघ नाहीत, वेगळे मतदार नाहीत. सगळे सगळ्यांना मत देतात, आणि निकाल लागल्यावर तराजूचे पारडे थोडे सावरले जाते. मुस्लिमांसारख्या अल्पसंख्याकांना यामुळे धीर आला. पक्षांनाही प्रत्येक मतदारसंघात तीन उमेदवार वेगवेगळ्या समाजांतले देण्याची सवय लागली.

याची किंमतही आहे. त्यासाठी घटनेने चार समाज ठरवले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे मिळून ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. राहणीवरून पहिल्या तिघांत बसत नाही तो चौथ्यात. गुलामांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे वंशज एकाच रकान्यात! उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज लिहायचा. जागांचा हिशेब आजही १९७२च्या खानेसुमारीवर चालतो, कारण त्यानंतर समाज विचारणे बंद झाले. आपण फक्त मॉरिशसकर आहोत, दुसरे काही लिहिणार नाही, असे म्हणणारे तरुण पुढे आले. २०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही ही सक्ती अयोग्य ठरवली, आणि २०१४च्या निवडणुकीपुरती ती सैल करण्यात आली. कायमचा तोडगा अजून निघायचा आहे. मला वाटते हा वाद चांगला आहे. भीती शमवायला बांधलेली भिंत भीती ओसरल्यावरही उभीच ठेवायची का, हा प्रश्न विचारण्याइतका तो देश आता मोठा झाला आहे.

सुट्ट्यांचे गणित आणि आपला गणपती

वर्षाला पंधरा सार्वजनिक सुट्ट्या. त्यांत तमिळांचे थैपूसम कावडी, चिनी वसंतोत्सव, हिंदी-भोजपुरी समाजाची महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, ख्रिस्ती सण, नाताळ, दिवाळी. मराठी समाजाची सुट्टी म्हणजे गणेश चतुर्थी. कोकणातून गेलेल्या मूठभर लोकांचा सण एका सार्वभौम देशाची राष्ट्रीय सुट्टी व्हावा, ही गोष्ट वाचताना छाती भरून येते. त्यातच १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा गिरमिटियांच्या आगमनाचा दिवस. दोन्ही दुःखांना कॅलेंडरात सारखी जागा.

चतुर्थीला घरोघरी मातीची मूर्ती, मोदक, आरती, आणि ढोलकीच्या तालावर ‘झाकरी’. आपल्याकडे रत्नागिरीत गणपतीत जाखडी नाचतात, तीच ही. शब्द थोडा झिजला, पाय तसेच पडतात. मग मिरवणूक नदीकडे किंवा समुद्राकडे. शेजारचे तमिळ, भोजपुरी, क्रेओल लोकही पाहायला येतात. कोकणात चाकरमानी गणपतीला गावी जातो. यांना जाता येण्याजोगे गाव उरले नव्हते, म्हणून त्यांनी गणपतीलाच बेटावर आणून गाव वसवले.

सरकारी शाळांत मुले एक ‘पूर्वजांची भाषा’ निवडून शिकू शकतात: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी. मराठीचे शिक्षक आहेत, पाठ्यपुस्तके आहेत, सरकारी आकाशवाणीवर मराठी कार्यक्रम आहेत, मराठी मंडळ्यांचा महासंघ आहे. घरी मात्र मराठी बोलणारे फार थोडे उरले आहेत. भाषा आरतीत, लग्नातल्या विधीत, शाळेच्या तासाला जिवंत आहे. भांडणात आणि लाडात नाही. हे वाचून वाईट वाटते, पण दीडशेहून अधिक वर्षे मायदेशाच्या आधाराविना जेवढे टिकले तेवढ्याचे अप्रूपही वाटते.

रस्त्यावरची बोली

मग भांडण आणि लाड कोणत्या भाषेत? क्रेओलमध्ये. फ्रेंच मालक आणि आफ्रिकी गुलाम यांच्या व्यवहारातून ही बोली घडली. शब्द बहुतेक फ्रेंच, बांधणी स्वतःची. पुढे भारतीय आले आणि तीच त्यांनी उचलली. मराठी माणसाने तमिळ दुकानदाराशी, चिनी वाण्याने भोजपुरी गिऱ्हाइकाशी बोलायचे ते यातच. भेटल्यावर ‘की मान्येर?’, म्हणजे ‘कसं काय?’. २०११च्या खानेसुमारीत पाचपैकी चारांहून अधिक लोकांनी घरची भाषा क्रेओल सांगितली. भोजपुरी पाच टक्क्यांच्या आसपास घसरली होती.

गंमत अशी की सगळ्यांना जोडणारी ही भाषा सर्वांत हलकी मानली गेली, कारण ती गुलामांची. तिला मान मिळवून देण्यासाठी देव विरासामी यांच्यासारखे लेखक आयुष्यभर झटले. ते स्वतः तेलुगू घराण्यातले. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’वरून त्यांनी १९९१मध्ये क्रेओल नाटक लिहिले, त्याचे नाव ‘तूफान’. इंग्रजी कथा, आफ्रिकी-फ्रेंच भाषा, हिंदी शब्द! २०१२पासून क्रेओल प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय झाली.

जेवणातही तेच झाले. बिहारची डाळपुरी तिथे हातगाडीवर मिळते. वाटाण्याची डाळ भरलेली पातळ पोळी, आत पावट्याच्या जातीच्या मोठ्या दाण्यांची रस्सा-भाजी, टोमॅटोची चटणीवजा ‘रुगाय’ आणि मिरची, कागदात गुंडाळून. ऑफिसला निघालेला ख्रिस्ती, मुस्लिम, चिनी, सगळेच ती उभ्या उभ्या खातात. डाळवड्याला तिथे ‘गातो पिमा’ म्हणतात, म्हणजे मिरचीचा केक. पाव अर्धा कापून त्यात लोणी लावून हे वडे घालतात. वडापावाचा दूरचा भाऊच म्हणायचा.

ज्यांना जागा उरली नाही

हे चित्र इथेच थांबवले तर तो अर्धा खोटेपणा होईल. पूर्वजांच्या भाषा, सण आणि देशांच्या हिशेबावर उभ्या असलेल्या व्यवस्थेत ज्यांच्याकडे असा वारसा दाखवायला नाही त्यांचे काय? गुलामांची नावे मालकांनी बदलली, धर्म बदलला, भाषा पुसली. क्रेओल मुलाला शाळेत निवडायला ‘पूर्वजांची भाषा’ कोणती? जमीन मिळाली नाही, सरकारी नोकऱ्यांत ओळखी नाहीत. या साठलेल्या खंतीला १९९०च्या दशकात नाव मिळाले: क्रेओल अस्वस्थता.

फेब्रुवारी १९९९मध्ये ती फुटली. काया हा लोकप्रिय क्रेओल गायक. बेटावरचे सेगा आणि जमैकाचे रेगे मिसळून त्याने ‘सेगे’ नावाचे संगीत घडवले होते. गांजावरची बंदी उठवावी म्हणून झालेल्या कार्यक्रमात गांजा ओढल्याबद्दल त्याला अटक झाली आणि काही दिवसांत पोलीस कोठडीत तो मृतावस्थेत सापडला. चार दिवस बेट जळत होते. सुरुवातीला राग पोलिसांवर होता, मग काही ठिकाणी क्रेओल विरुद्ध हिंदू असे रूप आले. ‘इंद्रधनुषी देश’ म्हणून मिरवणाऱ्या मॉरिशसला आपल्या इंद्रधनुष्यातला एक रंग फिका पडल्याचे दिसले. दहा वर्षांनी गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींच्या परिणामांची तपासणी करायला सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०११मध्ये आला.

आणखी एक जखम आहे. स्वातंत्र्याआधी, १९६५मध्ये, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली. दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ हवा म्हणून १९६८ ते १९७३ दरम्यान तिथल्या साऱ्या रहिवाशांना हुसकावले. त्यातले पुष्कळ पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. बेघर होऊन आलेल्या या लोकांचे तिथे कोणी स्वागत केले नाही. स्वतः बोटीने आलेल्यांचा देशही नव्या बोटीतल्या माणसाकडे पाठ फिरवू शकतो.

पायऱ्या अजून चढल्या जातात

आज मॉरिशसमध्ये जन्मदर घटला आहे, तरुण शिकून फ्रान्स, ब्रिटन, कॅनडाला जातात. कापड गिरण्या, बांधकामे, बेकऱ्या यांत बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्करहून आलेले हजारो कामगार राबतात. तेही ठरावीक वर्षांच्या करारावर. मालकाने दिलेल्या सामायिक खोल्यांत राहतात, परवाना एका मालकाशी बांधलेला, मुदत संपली की परत. विमानतळावर त्यांचा फोटो काढला जातो, क्रमांक दिला जातो.

म्हणून मला मॉरिशसची खरी परीक्षा गेल्या दोनशे वर्षांत नाही, पुढच्या पन्नासांत दिसते. जुन्या आलेल्यांनी एकमेकांना जागा करून दिली: नोटेवर, कॅलेंडरात, मतपेटीत, शाळेच्या तासांत. ती सहज झाली नाही. अर्ज करून, भांडून, छापलेल्या नोटा परत घेऊन, विरोधकाला मंत्री करून झाली. एखाद्या समाजाला आपण विसरलो असे कळले तेव्हा पुन्हा हिशेब मांडून झाली. अनेकांच्या देशाला शेवटी हेच करावे लागते, आणि दर पिढीला नव्याने करावे लागते.

दर २ नोव्हेंबरला आप्रवासी घाटावर पाहुणे, मंत्री, शाळकरी मुले जमतात आणि पायऱ्यांवर फुले वाहतात. जे कपड्याचे गाठोडे घेऊन वर आले, त्यांचे हे स्मरण असते. त्याच दिवशी त्याच शहरातल्या एखाद्या गिरणीत बांगलादेशातली एखादी मुलगी शिवणयंत्रावर वाकलेली असते. तिचे नाव कोणत्या तरी कचेरीतल्या संगणकात चढलेले असते. कधी काळी तिची नातवंडे ती नोंद शोधायला आली, तर ती आपल्याच देशात शोधत असतील का परक्या देशात, हे आज तिथे राहणाऱ्यांच्या हातात आहे. ज्यांचे पणजोबा त्या सोळा पायऱ्या चढून आले, त्यांना हे कोणी समजावून सांगायला नको.